समुद्राच्या मधोमध नवीन बेट वर आलं तर तिथं जीव पोचतात तरी कसे?

दूधगंगाकाठ (निपाणी)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून इथं टाकतोय, कुणाला माहिती असंल तर जरा सविस्तर सांगा. २०१९ च्या ऑगस्टात पूर आल्ता तवा आमच्या इकडं अख्खी झाडं मुळासकट वाहून जाताना बघितल्यात आणि त्यावर साप, सरडे, मुंग्यांची वारुळंच्या वारुळं, सगळं बसलेलं. जलपर्णीचे मोठमोठे तुकडे पण तसेच, वर बगळे, खाली बेडकं. नदीचं हे समजतंय, दोन-चार किलोमीटर गेलं की कुठंतरी काठाला लागतंय.

खरं समुद्राचं काय? आमच्या भाच्याला शाळेत प्रोजेक्ट आहे, समुद्रात ज्वालामुखी फुटून नवीन बेट तयार होतं तिथं झाडं-प्राणी कुठनं येतात म्हणून. मी म्हटलं वाऱ्यानं बिया येत असतील, पक्षी येत असतील. तो म्हणतोय मामा, मग सरडे कसे आले? त्याला उत्तर देता येईना. शेकडो किलोमीटर खारं पाणी, वर ऊन, प्यायला थेंब नाही, आणि एकटा प्राणी पोचला तरी पुढं वंश कसा चालणार. एक मित्र म्हणतोय की हे सगळं माणसांनीच होड्यांतनं नेलंय, बाकी सगळ्या गप्पा. आणि परवा कुठंतरी वाचलं की पॅसिफिक समुद्रात प्लास्टिकच्या कचऱ्यावर खेकडे-बिकडे संसार करून राहिलेत, हे खरं हाय काय?

खानापूर_जंगलवाट

भाच्याचा प्रश्न एक नंबर आहे, त्याला माझ्याकडनं शाबासकी सांगा. जरा लांबतंय, सांभाळून घ्या.

आधी एक फरक लक्षात घ्या, सगळी बेटं एकसारखी नसतात. कारवारच्या समोरचं कूर्मगड, देवगड घ्या नाहीतर अंजदीव, ही किनाऱ्याला लागून आहेत. साधारण २०,००० वर्षांमागं हिमयुगात समुद्राची पातळी आत्तापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती, तेव्हा असल्या बेटांपर्यंत कोरडी जमीन होती, प्राणी चालतच गेले असणार आणि नंतर पाणी वर आल्यावर तिथंच अडकले. श्रीलंकेचं पण तसंच. तिथं सरडा कसा पोचला हा प्रश्नच येत नाही. खरा प्रश्न आहे तो समुद्राच्या तळातनं ज्वालामुखीनं वर आलेल्या बेटांचा, गॅलापॅगोस, हवाई असली, ज्यांचा कुठल्याच जमिनीशी कधी संबंध नव्हता.

आणि हे नुसतं अंदाजानं बोलत नाहीत लोक, डोळ्यांदेखत बघितलेलं आहे. इंडोनेशियातलं क्राकाटोआ, १८८३ च्या ऑगस्टमध्ये फुटलं. जे काय शिल्लक राहिलं त्यावर गरम राख आणि दगडांचा जाड थर, आधीचं जंगल सगळं संपलं. जावा आणि सुमात्रा दोन्ही साधारण ४० किलोमीटर लांब. पुढच्या वर्षी मे महिन्यात फ्रेंच लोकांची एक तुकडी तिथं उतरली, शोधून शोधून त्यांना एकच जीव सापडला, एक बारकासा कोळी, आणि तो जाळं विणत बसलेला! खायला तिथं माशी नाही, चिलट नाही, तरी विणतोय. कोळ्याची पिल्लं उंच जागी जाऊन सुताचा धागा हवेत सोडतात आणि त्या धाग्यासकट उडून जातात. डार्विन बीगल जहाजावर होता तेव्हा किनाऱ्यापासून सुमारे ६० मैलांवर जहाजाच्या दोरखंडांवर असे बारके कोळी येऊन उतरलेले त्यानं लिहून ठेवलंय. क्राकाटोआवर १८८६ साली बघितलं तर काळ्या राखेवर शेवाळासारखा चिकट थर, नेच्यांच्या बऱ्याच जाती आणि थोडी फुलझाडं. नेच्याचे बीजाणू म्हणजे धूळच, वाऱ्यावर कुठंही जातात. पुढच्या पन्नासेक वर्षांत तिथं जंगल उभं राहिलं, पक्षी आले, वटवाघळं आली आणि त्यांच्या पोटातनं उंबराच्या जातीच्या बिया आल्या. घोरपडीच्या जातभाईतला मोठा प्राणी पोचला, अजगर पोचला, हे दोघं तर पट्टीचे पोहणारे.

दुसरं उदाहरण आइसलँडच्या दक्षिणेचं सुर्टसे. १४ नोव्हेंबर १९६३ ला समुद्रातनं धूर यायला लागला आणि बेट वर आलं, १९६७ पर्यंत धगधगत होतं. तिथं पहिल्यापासून शास्त्रज्ञ सोडून कुणालाही पाय ठेवू देत नाहीत, त्यामुळं कोण कधी आलं याची वहीच आहे म्हणा ना. पहिलं झाड १९६५ मध्ये दिसलं, किनाऱ्याच्या वाळूत उगवणारं, बी पाण्यावर तरंगत आलेलं. नंतर बरीच वर्षं गाडी तिथंच अडली, कारण लाव्हाच्या दगडात खत कुठलं? १९८६ पासनं समुद्रपक्ष्यांनी तिथं वसाहत करून घरटी घालायला सुरुवात केली, विष्ठा पडली, माती तयार झाली, आणि मग झाडांच्या जाती भराभर वाढल्या. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. पोचणं ही अर्धीच गोष्ट आहे. कितीतरी जीव पोचतात आणि मरतात, कारण त्यांच्या आधी जो यायला पाहिजे तो आलेला नसतो.

बियांचं म्हणाल तर आपल्याच जंगलात बघा. आमच्या खानापूर भागात गारंबीचा वेल आहे, हातभर लांब नव्हे, माणसाच्या कमरेएवढ्या लांब शेंगा, आत चपट्या कडक तपकिरी बिया. ती बी आतनं पोकळ असते, टरफल असलं घट्ट की महिनोन् महिने समुद्रात पडली तरी आत पाणी शिरत नाही. हिच्याच जातभाईंच्या बिया अमेरिकेच्या उष्ण भागातनं तरंगत पार युरोपच्या किनाऱ्याला लागतात. थंडीमुळं तिथं त्या जगत नाहीत ही गोष्ट वेगळी. उंडी, केवडा, गोव्याच्या वाळूवर पसरणारी मर्यादवेल, सगळे याच मार्गाचे प्रवासी.

सरड्यांचं उद्या लिहितो, आत्ता करंट गेलाय आणि मोबाईल पण संपत आलाय.

चिकोडीकर_अण्णा

वाचलं. बिया, कोळी, पक्षी पटलं. खरं सरडा, कासव, माकड असले प्राणी ओंडक्यावर बसून समुद्र पार करतात म्हणणं मला ओढूनताणून वाटतंय. कुणी बघितलंय काय? नदीच्या पुरात दोन तास झाडावर बसलेला साप अर्धमेला होतोय, आम्ही बघितलंय. महिनाभर खाऱ्या पाण्यात कोण जगंल? आणि निपाणीच्या दादांचा मित्र म्हणतोय ते का खोटं, जुन्या काळापासनं माणसं होडीनं फिरतातच की.

खानापूर_जंगलवाट

अण्णा, शंका बरोबर आहे आणि उत्तर पण आहे, बघितलंय लोकांनी.

१९९५ साली कॅरिबियन समुद्रात सप्टेंबरमध्ये लागोपाठ दोन चक्रीवादळं झाली, लुईस आणि मॅरिलिन. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये अँग्विला नावाच्या बेटावर मुळासकट उपटलेल्या झाडांचा आणि ओंडक्यांचा एक मोठा गुंता किनाऱ्याला लागला आणि त्यावर हिरवे इग्वाना. इग्वाना म्हणजे आपल्या घोरपडीएवढा झाडावरचा सरडा. कमीत कमी १५ होते आणि त्या बेटावर ही जात आधी नव्हती. बहुतेक ग्वाडेलूपहून आले असावेत, म्हणजे तीनेकशे किलोमीटर. किनाऱ्यावरच्या कोळी लोकांनी ते उतरताना बघितलं, शास्त्रज्ञांनी नंतर त्यांच्यावर लक्ष ठेवलं, काही जगले आणि गाभण मादी पण सापडली.

कासवाचं म्हणाल तर डिसेंबर २००४ मध्ये टांझानियाच्या किनाऱ्यावर एक भलंमोठं जमिनीवरचं कासव पाण्यातनं चालत बाहेर आलं. त्याच्या पायांना आणि कवचाच्या खालच्या बाजूला बार्नॅकल (खडकाला, होडीच्या बुडाला चिकटून वाढणारे कवचाचे बारके समुद्री जीव) चिकटलेले, म्हणजे कितीतरी आठवडे ते पाण्यातच तरंगत होतं. हे कासव अल्डाब्रा बेटावरचं असणार, तिथनं हा किनारा ७०० किलोमीटरच्या वर आहे. वाळलेलं, हडकुळं झालेलं, खरं जिवंत.

आता जगतात कसे. सरडा, साप, कासव यांचं रक्त थंड, अंग गरम ठेवायला जेवण जाळावं लागत नाही, त्यामुळं आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतात. कातडी खवल्यांची, त्यातनं पाणी उडून जात नाही. पावसाचं पाणी पानांवर साठतं ते चाटतात. आणि इग्वाना तर पानंच खातो, त्याचा तराफा हाच त्याचा डबा. उलट बेडूक बघा, त्याची कातडी ओली आणि पातळ, खारं पाणी लागलं की अंगातलं पाणी ओढून घेतं, अंडी तर लगेच मरतात. म्हणूनच लांबच्या बेटांवर सरडे असतात, बेडूक जवळपास नसतातच, हे डार्विननं पण टिपून ठेवलंय. माणसांनीच सगळं नेलं असतं तर हा भेदभाव कसा झाला असता सांगा? अपवाद आहेत, आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ टोमे बेटावर बेडूक आहेत. त्याचं एक कारण काही अभ्यासक असं देतात की काँगोसारख्या प्रचंड नद्या पुराच्या वेळी समुद्रात गोडं पाणी लांबवर ढकलतात, गोडं पाणी हलकं म्हणून वरच राहतं आणि झाडांचे तराफे त्याच्यावरनं जातात. निपाणीच्या दादांनी बघितलेला पूर तिथं समुद्रात शिरतो असं समजा.

वंशाचं पण सांगतो. पोटात अंडी असलेली एक मादी पुरते. काही जातींच्या माद्या नराचं बीज महिनोन् महिने पोटात साठवून ठेवतात. आणि पॅसिफिकच्या बेटाबेटांवर एक पालीची जात आहे, तिच्यात बहुतेक सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालतात आणि त्यातनं परत माद्याच निघतात. तिला एकटीला पोचलं की झालं.

राहिला नशिबाचा प्रश्न. समजा एखाद्या बेटावर सरडा पोचायची शक्यता वर्षाला लाखात एक. आपल्या आयुष्यात ती शून्यच. पण बेट एक कोटी वर्षं तिथं असेल तर सरासरीनं शंभर वेळा पोचेल. फिजी बेटांवर इग्वाना आहेत, त्यांचे जवळचे नातेवाईक अमेरिकेच्या वाळवंटात, मध्ये सुमारे ८,००० किलोमीटर समुद्र. २०२५ मध्ये आलेल्या जनुकांच्या अभ्यासात या दोघांची फारकत साधारण ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीची निघाली. तेव्हा होडी सोडा, माणूसच नव्हता.

कारवारला_माहेर

मी बेळगावातच असते, माहेर कारवार, आणि समुद्री जीवशास्त्रात एमएस्सी केलंय, त्यामुळं शेवटच्या प्रश्नावर मला लिहायचंच आहे. हो दादा, प्लास्टिकवर खेकडे राहतात हे खरं आहे.

पण आधी हे समजून घ्या की भर समुद्रात सगळ्यात दुर्मिळ गोष्ट कुठली, तर टेकायला जागा. बार्नॅकल, शिंपले, हायड्रॉइड, समुद्रफूल यांची पिल्लं सुरुवातीला पाण्यात तरंगतात आणि मग कशाला तरी चिकटून बसल्याशिवाय त्यांचं पुढचं आयुष्यच सुरू होत नाही. किनाऱ्याला खडक असतो, तिथं अडचण नाही. मध्य समुद्रात मिळालं तर ओंडका, समुद्री शेवाळाचे तराफे, कासवाची पाठ, पक्ष्याचं पीस. पावसाळ्यात कारवार-गोव्याच्या किनाऱ्यावर वाहून आलेली चप्पल किंवा बाटली उचलून बघा, मऊ देठावर पांढरे शिंपल्यासारखे झुपके लटकलेले असतात, ते गूज बार्नॅकल. ते मूळचेच भर समुद्रातले, तरंगत्या वस्तूंवर जगायलाच घडलेले.

अजून एक तराफा म्हणजे प्युमिस, ज्वालामुखीचा फेस थिजून झालेला हलका दगड जो पाण्यावर तरंगतो. २००६ मध्ये टोंगाजवळ समुद्रात उद्रेक झाला, त्या दगडांचे तराफे ७-८ महिन्यांत ५,००० किलोमीटरच्या वर जाऊन ऑस्ट्रेलियाला लागले आणि त्यांच्यावर ८० पेक्षा जास्त जातींचे जीव मोजले गेले. प्रत्येक दगड मुठीएवढा किंवा त्याहून बारका! मला हा अभ्यास फार आवडतो, कारण एक दगड जवळपास काहीच नेत नाही, पण तसले अब्जावधी असतात.

या सगळ्या जुन्या तराफ्यांना मरण होतं. ओंडका कुजतो, लाकूड पोखरणारे जीव त्याची चाळण करतात (कारवारच्या होडीवाल्यांना विचारा लाकडाचं काय होतं ते), शेवाळ बुडतं. म्हणजे किनाऱ्यावरचे जीव निघाले तरी ठरावीक वेळात दुसरा किनारा लागला नाही तर सगळे तळाला. ही मुदत प्लास्टिकनं काढून टाकली. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये सुनामी आली, बंदरातली तरंगती धक्क्याची फळी, होड्या, प्लास्टिकचे क्रेट, बोये सगळं समुद्रात गेलं. जून २०१२ मध्ये मिसावा बंदरातला वीस मीटर लांबीचा आख्खा धक्का अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्याला लागला, त्यावर जपानी शिंपले, खेकडे, तारामासे, शेवाळ. २०१३ मध्ये एका लहान होडीत चक्क जिवंत जपानी मासे सापडले, होडी अर्धी बुडालेली आणि आतलं पाणी हाच त्यांचा तलाव. २०१७ पर्यंत या कचऱ्यावरनं पॅसिफिक ओलांडून आलेल्या २८९ जपानी जाती मोजल्या गेल्या आणि सहा वर्षांनंतरही जिवंत जीव येतच होते. लाकडावर हे झालं नसतं.

मग २०२३ मध्ये त्या पॅसिफिकच्या कचरापट्ट्यातनं गोळा केलेल्या १०५ प्लास्टिक वस्तू तपासल्या. ४६ प्रकारचे बिनकण्याचे जीव निघाले आणि त्यातले ३७ प्रकार किनाऱ्यावरचे, भर समुद्रातले फक्त ९. तीनातल्या दोनापेक्षा जास्त वस्तूंवर किनाऱ्याचे जीव होतेच. आणि ते नुसते अडकलेले प्रवासी नव्हते, काहींच्या अंगात अंडी होती, लहान-मोठ्या सगळ्या वयाचे एकत्र होते. म्हणजे तिथंच जन्मतात, तिथंच वाढतात. आत्तापर्यंत आम्हाला शिकवायचे की किनाऱ्यावरचे जीव भर समुद्रात टिकत नाहीत कारण अन्न नाही. अन्न पुरतंय असं दिसतंय, जागाच नव्हती.

दूधगंगाकाठ (निपाणी)

ताई, खानापूरचे सर, खूप खूप आभार, भाच्याला सगळं वाचून दाखवलं, तो आता कोळ्यावर अडकलाय, वहीत तेच काढतोय. खरं मला एक सांगा, मग प्लास्टिकनं जीवांची सोयच झाली म्हणायची काय? राहायला जागा मिळाली, फिरायला मिळालं.

कारवारला_माहेर

दादा, नाही, आणि हे मी अगदी कळकळीनं सांगते. ज्याला जागा मिळाली त्याची सोय झाली, ज्याच्या घरात तो घुसला त्याचं काय? लांबच्या बेटावरचे जीव लाखो वर्षं ठरावीक शेजाऱ्यांबरोबर राहिलेले असतात. कुणी मारायला नाही म्हणून पक्षी उडणं सोडतात, जमिनीवर अंडी घालतात. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या सामानातनं एक तपकिरी झाडसाप पोचला, तिथल्या जंगलातल्या मूळच्या पक्ष्यांच्या बहुतेक जाती त्यानं संपवल्या. एकच जातीचा साप. आपल्या बंदरात पण बघा, मध्य अमेरिकेकडचा एक काळ्या पट्ट्यांचा शिंपला जहाजांबरोबर येऊन मुंबई आणि विशाखापट्टणमला बसलाय. जहाजं तोल राखायला टाकीत समुद्राचं पाणी भरतात आणि दुसऱ्या बंदरात ओततात, त्यात हजारो पिल्लं जातात. त्या पाण्यावर प्रक्रिया करायचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून लागू तरी आहे. तरंगत्या प्लास्टिकला मात्र ना मालक, ना कप्तान, त्याला कुठल्या बंदरात अडवणार?

अंदमानच्या समुद्रात नारकोंडम म्हणून आपलं एक ज्वालामुखीचं बेट आहे, ७ चौरस किलोमीटर पण नाही. दांडेलीला आपण धनेश बघायला जातो ना, त्याच कुळातला एक धनेश फक्त त्या बेटावर आहे, जगात दुसरीकडं कुठंच नाही. त्याचे पूर्वज कधीकाळी उडत गेले आणि तिथले झाले. तिथं एक चुकीचा पाहुणा उतरला तर त्या पक्ष्याला जायला दुसरी जागा नाही.

चिकोडीकर_अण्णा

इग्वानाचं आणि कासवाचं पटलं सर. बेडकाचा मुद्दा तर एकदम बसला डोक्यात. माकडं पण आफ्रिकेतनं दक्षिण अमेरिकेला अशीच गेली म्हणतात ते मात्र मला अजून गळ्याखाली उतरत नाही.

खानापूर_जंगलवाट

अण्णा, तेव्हा अटलांटिक आजच्यापेक्षा बराच अरुंद होता, आणि ३ कोटी वर्षांच्या वर झाली त्याला. दक्षिण अमेरिकेत माकडांचे जे सगळ्यात जुने अवशेष सापडलेत ते आफ्रिकेतल्या त्या काळच्या माकडांशी जुळतात आणि मध्ये जमिनीचा रस्ता नव्हता. मोठ्या नदीच्या काठाचा तुकडा झाडांसकट सुटला तर त्यावर फळं असतात, सावली असते. अवघड आहेच, म्हणून तर फार क्वचित झालं.

टिळकवाडी_विज्ञानशिक्षिका

फार छान चर्चा चाललीय. निपाणीच्या दादांना सुचवते, भाच्याच्या प्रोजेक्टला नुसती चित्रं चिकटवण्यापेक्षा डार्विननं केलेला प्रयोगच करू द्या, घरात होतो. त्यानं ८७ प्रकारच्या बिया खाऱ्या पाण्यात २८ दिवस ठेवल्या, त्यातल्या ६४ प्रकारच्या नंतर उगवल्या. तोपर्यंत लोक समजत होते की मिठानं बी मरतं. मग त्याच्या लक्षात आलं की बी जगलं तरी बुडलं तर काय उपयोग, म्हणून त्यानं फळांसकट वाळवलेल्या फांद्या तरंगवून बघितल्या, त्या ओल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस तरंगल्या.

एक लिटर पाण्याला ३५ ग्रॅम मीठ, समुद्राचा खारेपणा साधारण तेवढाच. मूग, मोहरी, टोमॅटो, मिरची, भोपळा, आणि मिळालं तर गारंबी किंवा उंडीचं बी. रोज कुठलं तरंगतंय आणि कुठलं बुडालं ते लिहायचं. दर आठवड्याला प्रत्येकातल्या दहा बिया काढून गोड्या पाण्यानं धुवायच्या आणि ओल्या फडक्यात ठेवायच्या. आणि तितक्याच बिया खाऱ्या पाण्यात न घालता कोरड्या बाजूला ठेवून त्यातल्या पण दहा दहा लावायच्या, नाहीतर बी मिठानं मेलं की मुळातच जुनं होतं ते कळणार नाही. पाणी वास मारायला लागलं की बदला, मूग तर दोन-तीन दिवसांतच कुजायला सुरुवात करेल.

दूधगंगाकाठ (निपाणी)

मॅडम, आजच चालू करतो. उंडीचं बी इकडं मिळणार नाही, कारवारच्या ताई, पुढच्या वेळी माहेरी गेलात तर चार बिया आणाल काय?

कारवारला_माहेर

गणपतीला जाणार आहे, आणते की. किनाऱ्यावर वाहून आलेल्या वेगळ्या उचलते आणि झाडाखालच्या वेगळ्या, दोन्ही लावून बघा. वाहून आलेल्यातल्या किती उगवतात ते मला पण बघायचंय.

खानापूर_जंगलवाट

गारंबीची बी माझ्याकडनं. पण अण्णा आणि दादा दोघांनाही सांगतो, गारंबीचं टरफल एका बाजूनं दगडावर घासल्याशिवाय ती लवकर उगवत नाही, कुजली म्हणून टाकून देऊ नका. खारं पाणी झाल्यानंतर घासायची, आधी नाही.